माठाखालची ओली रेती

बुधाजीने निरगुडीच्या काडीने कुत्र्याचा ओठ वर उचलला, दात पाहिले आणि काडी शेजारच्या तुसाच्या ढिगात खोल खुपसून टाकली. तरीही ओटीवर कुणी बोलले नाही.

रविवार असल्यामुळे भातगिरणी बंद होती. एरवी या अंगणात माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. पट्ट्याची फटफट, चाळणीची थरथर आणि सगळ्यावर पसरत जाणारी कोंड्याची पिवळट धूळ. आज ती धूळही जमिनीशी निजून होती. तिच्याच रंगाचा म्हणून ज्याचे नाव कोंड्या पडले होते तो कुत्रा ढिगाआडच्या सावलीत, जबडा लोंबता ठेवून मेला होता. त्याच्यासमोर पाण्याची परळ होती. चार दिवसांत तिच्यातले पाणी उन्हाने प्यायले तेवढेच कमी झाले होते.

गिरणीचे मालक सदूशेठ भोईर ओटीच्या कडेला दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून बसले होते. त्यांच्यामागे दाराच्या चौकटीत त्यांची पत्नी जानकीबाई उभी होती. तिने उजवा हात पदराखाली घेतला होता.

"आवाज बदलला व्हता त्याचा," सदूशेठ अखेरीस म्हणाले. "भुंकायचा ते निम्म्यात तुटायचं. पानी ठेवलं का मागं सरायचा. आमी म्हनलं, गरमी."

"कुणाला चावला?"

"सोमवारी ही भाकरी टाकाया गेली. हाताला दात लागला. जास्त नाय."

"धुतलं होतं?"

"साबन लावून धुतलं," जानकीबाई म्हणाली. पदराखालचा हात पदराखालीच राहिला.

गिरणीच्या पत्र्यावर ऊन चढत होते आणि पत्रा मधूनच तडकल्यासारखा वाजत होता. पुढचा प्रश्न कोणता असणार हे बुधाजीला ठाऊक होते. तो अंगण ओलांडून आपल्याकडे येताना त्याला जवळजवळ दिसत होता.

"लस तर टोचली व्हती ना, डाक्तर?"

"टोचली होती."

"मंग झालं," सदूशेठ म्हणाले, आणि काहीच झाले नसल्यासारखे समोर पाहत राहिले.

बुधाजीचे वाक्य खरे होते. शिमग्यानंतरच्या सोमवारी याच अंगणात, मानेमागची कातडी चिमटीत धरून, त्याने कोंड्याला सुई दिली होती. सदूशेठांनी स्वतः कुत्र्याचे पाय धरले होते. त्या दोन शब्दांत खोटे असे काहीच नव्हते. खोटे होते ते त्यांच्या मागोमाग न आलेल्या शब्दांत.

"खोल पुरा," तो म्हणाला. "कमरेइतका खड्डा घ्या. हाताने उचलू नका, गोणपाटात गुंडाळा, वर चुना टाका. ही परळही त्याच्याबरोबर जाऊ द्या."

कामाच्या सूचना देताना त्याचा आवाज नेहमीसारखा स्थिर होता. आणखी एक सूचना उरली होती: कर्जतच्या सरकारी दवाखान्यात जा, पोटातल्या चौदा सुया घ्या, आजच सुरू करा. जिभेवर ती तयार होती. तेवढ्यात जानकीबाई आत जाऊन चहा घेऊन आली. घरच्यांच्याच कपांपैकी एक कप, निळ्या काठाचा, डाव्या हाताने पुढे केलेला. बुधाजीने तो घेतला. चहाबरोबर ती सूचनाही त्याने गिळली.

"बसा की," सदूशेठ म्हणाले.

"नको. निघतो," तो म्हणाला. खुर्ची मांडलेलीच होती.

*

बुधाजी गायकवाड गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होता. जखमा धुणे, जनावर धरणे, सुया उकळणे, आणि डॉक्टर फिरतीवर असले की सुई देणे, ही कामे तो पंधरा वर्षे करत आला होता. त्याचा बाप याच गावची मेलेली ढोरे ओढून नेत असे. हाक आली की दोरी घेऊन जायचे, ओटीखाली उभे राहायचे, वर पाहायचे नाही. छप्पन साली वस्तीने दीक्षा घेतली, तेव्हा बापाने खुंटीवरची दोरी उतरवून विहिरीच्या रहाटाला बांधली आणि गावाला सांगितले की आता तिचे काम पाणी ओढण्याचे. त्या बापाचा मुलगा औषधांची पेटी घेऊन, पायांतले बूट न काढता, भोईरांच्या अंगणात पहिल्यांदा आला त्या दिवशी सदूशेठांनी "या डाक्तर" म्हणत लोखंडी खुर्ची पुढे ओढली होती. फरशीवर खुर्ची ओढल्याचा तो खरखराट बुधाजीला घरी जाईपर्यंत ऐकू येत होता. गिरणीवर तो "आहे" म्हणे आणि वस्तीत "हाय". कुणी शिकवले नव्हते, जीभ आपली आपण बदले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नियम सरळ होता. ज्याला लस हवी त्याने कुत्रे दवाखान्यात आणावे. बाटली फ्रीजमधून निघाली की तिने थेट सुईत जावे, वाटेत कुठे थांबू नये. आणि कुत्री कुणी आणत नसे, हेही तितकेच सरळ होते. एसटीत कंडक्टर चढू देत नसे. सहा मैल साखळीने ओढत न्यावे तर वाटेतल्या प्रत्येक गावची कुत्री अंगावर येत. शेवटी बुधाजीनेच डॉक्टरांना गळ घातली. थर्मासात बर्फ घालून बाटली नेतो, घरोघरी टोचतो, उरली तर त्याच दिवशी परत आणतो. एक कुत्रा सुटणार नाही, साहेब. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहून होकाराची मान हलवली होती. आपण हे कुत्र्यांसाठी करतो आहोत असे बुधाजीला तेव्हा मनापासून वाटले होते. आजही ते अगदीच खोटे नव्हते.

शिमग्यानंतरच्या त्या शनिवारी तो दुपारी थर्मास घेऊन उतरला, तर भोईरांच्या दाराला कुलूप. सगळे घर हळदीला गेले होते. सोमवारी सकाळी डाक्तरला यायला सांगा, असा निरोप शेजारणीपाशी होता. बाटली दहा कुत्र्यांची होती. एकदा तिच्या बुचातून सुई गेली की ती त्याच दिवशी संपवावी लागे. शनिवारी ती इतर कुत्र्यांवर संपली असती तर सोमवारी कोंड्याला काही उरले नसते, म्हणून त्याने ती उघडलीच नाही. परतीची गाडी निघून गेली होती. रविवारी दवाखाना बंद. संध्याकाळपर्यंत थर्मासातल्या बर्फाचे पाणी झाले, सकाळपर्यंत पाणी कोमट झाले.

त्याची बायको पारूबाई माठ ओल्या रेतीवर ठेवत असे. त्या रेतीत, भिजल्या फडक्यात गुंडाळून, ती विड्याची पाने पुरे. गुरुवारची पाने रविवारी काढली तरी हिरवीगार, देठ मोडला तर टचकन आवाज व्हावा अशी. बुधाजीने रविवारी सकाळी पाने काढून ताटलीत ठेवली आणि त्याच फडक्यात बाटली गुंडाळून रेतीत पुरली.

सोमवारी त्याने ती उकरून काढली आणि गालाला लावून पाहिली. गार होती.

गेल्या उन्हाळ्यातली एक गोष्ट त्याला त्या क्षणी आठवली होती. दोन दिवस वीज नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फ्रीजमधला सगळा खोका दवाखान्यामागे खड्डा खणून पुरायला लावला होता. बाटल्या दिसायला अगदी चांगल्या होत्या. बुधाजीचा हात घुटमळला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "मेलेलं जनावर वास तरी सोडतं, बुधाजी. लस मेली की काही कळत नाही. रंग तोच, पाणी तेच. म्हणून हिच्या बाबतीत आपल्या मनाचं ऐकायचं नाही."

हे त्याला आठवले नसते तर ती चूक झाली असती. पण बाटली गालाला असताना, तिचा गारवा कातडीला कळत असताना, शब्दन्‌शब्द आठवला होता. त्यानंतर त्याने इस्त्रीचा सदरा घातला आणि पेटी उचलली. त्या दिवशी त्या बाटलीतून कोंड्या धरून गावातल्या दहा कुत्र्यांना त्याने सुई दिली.

चैत्रात कोंड्या बांबूच्या बेटापाशी एका कोल्ह्याशी भिडला. कान फाटून आला. सदूशेठ एसटीच्या थांब्यावर हसत हसत सांगत होते, "आमाला काय फिकीर? लस हाय. आता उलटा कोल्हाच पिसाळंल!" थांब्यावरचे सगळे हसले. बुधाजीही हसला होता. त्या दिवसापासून गिरणीवरून जाताना तो कुत्रा दिसतो का ते पाही, आणि दिसला की पाणी पितो का ते पाही.

*

"जेवला नाय, चहा घेतला नाय. माटाकडं काय बघत बसलाव?" पारूबाईने विचारले.

संध्याकाळ होत आली होती. माठांच्या अंगावर घाम सुटला होता आणि तो ओघळून रेतीत जिरत होता. बुधाजी उत्तर देणार एवढ्यात दारात ठमी आली. ठमी त्याची चुलतबहीण. तिचा नवरा साजगावच्या कारखान्यात पाळीवर जाई आणि ती भोईरांच्या गिरणीत कोंडा भरण्याचे काम करी. तिच्या हातात वाटी होती.

"वयनी, इरजन दे गं थोडं. आनि काय डाक्तर, पेशंट गेला ना तुमचा?"

पारूबाई हसली. ठमीचे हसू नेहमीच दुसऱ्याला ओढून घेई.

"तुला कुनी सांगितलं?" बुधाजी म्हणाला.

"सांगायला कशाला पायजे? खड्डा कुनी खनला? मी नि गिरनीवरच्या सोमानं. रविवार असून बोलवून घेतलं. शेठ लांबनं म्हनतोय, अजून खोल, अजून खोल. मी म्हनलं, शेठ, हीर काढायची का?"

"हात नाय ना लावलास?"

"गोनपाटात घातला. तू सांगून गेलावतास ना तसा." मग ती सहज म्हणाली, "मला पन परसाद देऊन गेला बरं का मेला." आणि तिने लुगड्याचा काठ जरा वर धरला. डाव्या पोटरीवर हळदीच्या पिवळ्या डागात दोन काळसर ठिपके होते, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. "मंगळवारी. मी कोंडा भरत व्हते नि मागनं आला. भुंकला पन नाय."

"अगं बाई!" पारूबाईच्या हातातला डाव थांबला. "दवाखान्यात गेलीस का नाय?"

"कशाला? जानकीबाई पन मागं लागली व्हती, ठमे, जाऊन ये, ठमे, जाऊन ये. मी म्हनलं, आमच्या दादानं सुई मारलीय त्याला. आता त्याच्या दातांत इख नाय. नुसते दात."

हे तिने पारूबाईला सांगितले, पण पाहत होती बुधाजीकडे. लहानपणी शाळेच्या वाटेवर ती त्याची पाटी उचलून घेई आणि भेटेल त्याला सांगे, ही आमच्या दादाची पाटी. तेव्हाही ती अशीच पाहत असे.

बुधाजीने तोंड उघडले.

"साबनानं धुतलंस का?"

"राख लावली. मंग हळद. बरी झाली की आता."

मंगळवारपासून त्याने मनात दिवस मोजले. पाच. चावा पायाला आहे, डोक्यापासून लांब. वेळ आहे. पण वेळ आहे हे सांगायचे तर आधी दुसरे सांगायला हवे होते. ठमीने वाटीवर पदर धरला आणि ती बाहेर पडली. वाटेत कुणाला तरी काहीतरी बोलून तिने हसवले, ते घरात ऐकू आले.

पारूबाई डाव धुवून आली आणि त्याच्यासमोर बसली.

"शिमग्यात तुमी माज्या रेतीत काय पुरलं व्हतं?"

त्याची नजर माठाखाली गेली.

"पानं काढून ताटलीत ठेवली व्हती तुमी. मला वाटलं, सुईचं काय तरी असंल."

"लस व्हती."

"ती तिथं ठेवायची असती?"

त्याने नुसती नकाराची मान हलवली. पारूबाईने माठांकडे पाहिले, मग दाराकडे.

"पळत जा. ठमी अजून नळापाशी असंल."

"सकाळी सांगतो. आता गाडी पन नाय, दवाखाना पन नाय."

"सांगाया गाडी लागती का?"

त्याचेही उत्तर त्याच्यापाशी होते आणि ते त्याने स्वतःलाच दिले. आधी गिरणीवर सांगायला हवे. ठमीच्या तोंडून गोष्ट फुटली तर भोईरांच्या कानावर ती वस्तीतली कुजबुज म्हणून जाईल. त्यापेक्षा आपणच जावे, उभे राहून सांगावे, हे रीतीला धरून होईल. त्या शब्दाने त्याला जरा बरे वाटले. ते बरे वाटणेच आपण पळवाट काढतो आहोत याचा पुरावा होता. पण तो त्याने तपासला नाही.

*

सकाळी सात वाजता गिरणीच्या अंगणात टेंपो उभा होता. तांदळाची पोती मागे चढली होती. जानकीबाई ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. सदूशेठ दोर आवळत होते. बुधाजीला पाहून ते खुर्चीकडे वळले.

"खुर्ची नको, शेठ. तुम्हा दोघांशी बोलायचं आहे."

त्याने सांगितले. सगळे सांगितले. कुलूप, थर्मास, रेती, गालाला लागलेला गारवा. डॉक्टरांचे शब्दही सांगितले, म्हणजे कुणाला अजाणतेपणाचा संशय राहू नये. रात्रभर रचलेली वाक्ये होती, ती एकामागून एक नीट बाहेर आली. शेवटी तो म्हणाला, "लस मेलेली होती. बाई, तुम्ही आजच्या आज कर्जतला जा. चौदा सुया आहेत, एकही चुकवायची नाही. दोष माझा आहे. तक्रार करायची तर करा, मी नाही म्हणणार नाही."

सदूशेठांच्या हातातला दोर ढिला पडला. ते बुधाजीकडे नाही, टेंपोतल्या बायकोकडे पाहत होते. कालच्यासारखीच शांतता पसरली, आणि ही तीच आहे हे बुधाजीला हळूहळू उमगत गेले. काल ते त्याच्या उत्तराची वाट पाहत नव्हते.

"आज सातवं हाय, बुधाजीभाऊ," जानकीबाई म्हणाली.

"काय सातवं?"

"सुई. पोटातली." तिने पिशवी थोडी उघडली. आत दवाखान्याचा घडी घातलेला कागद होता. "चावला त्याच्या दुसऱ्या दिसापासनं रोज जाते. लोकांना सांगितलंय, भिसेगावला भैनीकडं जाते म्हनून."

ही बाई जगणार होती. कितीतरी दिवसांनी त्याने पोटभर श्वास घेतला, आणि तो पुरता आत जाण्याआधीच अडला.

"काल बोलला नाहीत," तो म्हणाला.

"तुमच्या तोंडावर कसं बोलायचं? तुमी एवढं उनातून येऊन टोचलेलं. तुमाला वाईट वाटलं असतं."

"म्हणजे बाटलीचं तुम्हाला कळलं होतं?"

"बाटलीतलं आमाला काय कळतंय?" सदूशेठ पोत्याच्या शिवणीशी चाळा करत म्हणाले. "पन घरी टोचलेलं ते घरी टोचलेलं. दवाखान्यातलं येगळं."

भरवसा नव्हता तो बाटलीवर की ती धरणाऱ्या हातावर, हे त्यांनी सांगितले नाही. दुसरा कुठला दिवस असता तर बुधाजीने विचारले असते. निदान घरी जाताना मनातल्या मनात त्यांच्याशी भांडला असता. आज तो हक्क त्याने स्वतःच रेतीत पुरून ठेवला होता. ज्या संशयाचा त्याला जन्मभर राग यावा त्याच संशयाने या बाईला वाचवले होते. खुर्ची होती, निळ्या काठाचा कप होता, "डाक्तर" होते. सगळे होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती टेंपोत बसून कर्जतला गेली होती.

"ठमीला पण चावलाय," तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊक होतं."

जानकीबाईने मान खाली घातली.

"दोनदा म्हनलं तिला, जा. ती तुमचं नाव घ्यायची. म्हनायची, आमच्या दादाच्या हातची सुई हाय." तिने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "तुमच्या घरची बाई ती, बुधाजीभाऊ. तिचा तुमच्यावर भरवसा. तिला मी कसं सांगू, का माजा नाय?"

ड्रायव्हरने टेंपो सुरू केला. सदूशेठ बाजूला झाले. अंगणात बारीक धूळ उठली आणि टेंपो सडकेला लागेपर्यंत उठतच राहिली.

"आता काय करता?" सदूशेठांनी विचारले. या वेळी त्यांनी डाक्तर म्हटले नाही. त्यात राग नव्हता. शब्द फक्त गळून पडला होता.

"दवाखान्यात सांगतो. बाकीची नऊ कुत्री परत टोचावी लागतील. तिथं नेऊन."

"आनि तुमची नोकरी?"

बुधाजी चालू लागला होता.

*

वस्तीतून गिरणीकडे येणाऱ्या पाणंदीत करवंदाच्या जाळीपाशी ठमी त्याला समोर भेटली. डोक्यावर पाटी, पाटीत सूप आणि भाकरीचे गाठोडे.

"काय रं दादा, सकाळच्या पारी गिरनीवर? खुर्चीत बसून आलास वाटतं!"

"ठमे, थांब जरा."

"थांबते की. पन शेठ वरडला तर तुजं नाव सांगन."

रात्री रचलेली वाक्ये गिरणीवरच संपली होती. इथे त्याच्यापाशी एकही नव्हते.

"कोंड्याला मी टोचली ती लस मेलेली व्हती," तो म्हणाला.

ठमी हसली. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसू अर्ध्यात थांबले.

"मेलेली म्हंजे?"

"म्हंजे तिच्यात जीव नव्हता. पानी टोचलं मी. तो पिसाळून मेला, ठमे. त्याच्या दातांत व्हतं."

तिने खाली आपल्या पायाकडे पाहिले नाही. पाहील असे त्याला वाटले होते.

"तुला ठावं व्हतं?"

नाही म्हणता आले असते. माणूस चुकतो, उन्हाळा होता, गाडी चुकली होती. तिने ते मानले असते, वर त्याचीच समजूत काढली असती. हे त्याला लख्ख कळत होते.

"ठावं व्हतं."

"टोचताना?"

"टोचताना."

"काल सांजच्याला मी तुज्या दारात उबी व्हते. पाय दाखवला तुला. तवा?"

"तवा पन."

जाळीतून एक होला फडफडत उडाला. ठमीने डोक्यावरची पाटी एका हाताने सावरली आणि तो आला होता त्या वाटेकडे, गिरणीच्या पत्र्याकडे, पाहिले.

"नि आज आदी तिकडं गेलास," ती म्हणाली. "त्यांना सांगून मंग माज्याकडं."

तो प्रश्न नव्हता. तरीही त्याने होकाराची मान हलवली, कारण हलवणे भाग होते.

"येळ हाय अजून," तो घाईने म्हणाला. "पायाला हाय, लांब हाय. चौदा सुया घेतल्या का काय व्हत नाय. आठची गाडी हाय, आता निघालो तर मिळंल. मी येतो संगतीला. रोज येतो, चौदा दिस. तितल्या डाक्तरला मीच सांगतो काय झालं ते. नवऱ्याला पन तुज्या मीच सांगतो. तू नुसती चल. ठमे, ऐकतेस ना?"

ठमीने पाटी उतरवली आणि पाणंदीच्या कडेला, त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर ठेवली. गाठोड्यातली भाकरी काढून घेतली नाही. पदर कमरेला खोचला. मग डावा पाय किंचित सांभाळत ती सडकेच्या, एसटीच्या थांब्याच्या दिशेने चालू लागली.

"ठमे," त्याने हाक मारली. "येऊ ना मी?"

ती चालत राहिली.